कालविस्तार आणि ‘कारण’ हा शब्द

सापेक्षता सिद्धांताविषयी मराठीत सर्वसामान्य वाचकांसाठी जे लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास भेटते: वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ मंद होतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे आणि भौतिकीच्या दृष्टीनेही ते फारसे चुकीचे म्हणता येणार नाही. तथापि ते वाचताच ‘कशामुळे मंद होतो?’ हा प्रश्न मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देताना बहुतेक लेखक अडखळतात. कोणी वेगाकडे बोट दाखवितो, कोणी त्वरणाकडे, तर कोणी गुरुत्वाकर्षणाच्या ओढीकडे. प्रत्येक उत्तर थोड्या अंतरापर्यंत चालते आणि मग लंगडू लागते. आमच्या मते येथील अडचण गणिताची नाही. ‘मंद होणे’ हे क्रियापद वापरले की त्याच्या मागोमाग कर्त्याचा शोध सुरू होतो, आणि या विषयात तो कर्ता सापडत नाही. अडचण अशी भाषेची असल्यामुळे वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे ती मांडणे अप्रस्तुत होणार नाही.

उदाहरण जवळचेच घेऊ. बंगळूर व चेन्नई ही दोन्ही शहरे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. चेन्नई समुद्रकाठी आहे, तर बंगळूर सुमारे ९२० मीटर उंचीच्या पठारावर. चेन्नईत बिनचूक लावलेले लंबकाचे घड्याळ बंगळुरास आणले, तर ते दिवसाला आठ-दहा सेकंद मागे पडेल. उंचीवर गुरुत्वाकर्षण किंचित कमी असते, म्हणून लंबक सावकाश झुलतो. १८६५ पासून पुढे काही वर्षे कॅप्टन बसेवी यांनी हिंदुस्थानच्या सर्वेक्षणासाठी हेच तत्त्व उलट बाजूने वापरले. लंबकाचे झोके मोजून त्यांनी ठिकठिकाणच्या गुरुत्वाकर्षणाचा अंदाज घेतला. येथे ‘कारण’ हा शब्द चपखल बसतो. एक बल आहे, ते ज्यावर चालते असे एक यंत्र आहे, आणि त्या यंत्राच्या चालीत फरक पडला आहे. शेजारी किल्लीचे मनगटी घड्याळ ठेवले तर त्याला या फरकाचा पत्ताही लागणार नाही.

आता लंबकाऐवजी दोन उत्तम अणुघड्याळे घ्या, एक चेन्नईत व एक बंगळुरात. बंगळूरचे घड्याळ मागे पडण्याऐवजी पुढे जाईल: दिवसाला सुमारे ८.६ नॅनोसेकंद, म्हणजे वर्षाकाठी सुमारे तीन मायक्रोसेकंद. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हा फरक सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाएवढा होतो. इतक्या अल्प फरकाचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु विचारात घेण्याजोगी गोष्ट त्याच्या आकाराहून वेगळीच आहे. घड्याळ सीझियमचे असो, रुबिडियमचे असो की आणखी कोणत्या बनावटीचे, फरक तेवढाच राहतो. झाडाची वाढ, पेशींचे विभाजन, किरणोत्सर्गी पदार्थाचा क्षय यांनाही तोच हिशेब लागू पडतो. जो परिणाम यंत्राची जात पाहत नाही, तो यंत्रावर झालेला परिणाम म्हणता येत नाही. बंगळुरात घड्याळ अधिक वेगाने चालते असे म्हणण्यापेक्षा बंगळुरात तेवढा काळ अधिक भरतो असे म्हणणे वस्तुस्थितीला जवळचे आहे.

या दोन घड्याळांमधील भेद मांडण्यासाठी आपल्याकडे एक जुनी परिभाषा तयार आहे, आणि ती या विषयात कोणी वापरू नये याचे नवल वाटते. भारतीय तर्कपरंपरेत हेतूचे कारक आणि ज्ञापक असे दोन प्रकार मानले आहेत. विस्तव धुराचा कारक हेतू. तो धूर उत्पन्न करतो. धूर विस्तवाचा ज्ञापक हेतू. तो विस्तव उत्पन्न करीत नाही, विस्तव आहे असे आपल्याला कळवितो. काव्यशास्त्राच्या वाचकांना हा भेद दंडीच्या हेतू अलंकाराच्या विवेचनातून परिचित आहे. लंबक मागे पडतो त्याला कारक हेतू आहे. कालविस्ताराची म्हणून जी ‘कारणे’ पुस्तकांत दिली जातात, ती तपासून पाहिली तर बहुधा ज्ञापक निघतात.

पाठ्यपुस्तकांतील प्रकाशघड्याळ हे याचे उत्तम उदाहरण होय. समोरासमोर दोन आरसे आणि त्यांच्यामध्ये खालीवर जाणारा प्रकाशकिरण. प्रत्येक फेरी म्हणजे एक ठोका. हे घड्याळ आपल्यासमोरून आडवे जात असेल, तर आपल्या दृष्टीने किरणाचा मार्ग तिरका आणि म्हणून अधिक लांब होतो. प्रकाशाचा वेग मात्र सर्वांना सारखाच भरतो. त्यामुळे एका ठोक्याला अधिक वेळ लागतो. प्रकाशाच्या वेगाच्या ६० टक्के वेगाने घड्याळ जात असेल, तर पायथागोरसच्या प्रमेयानेच निघते की आपल्या सव्वा सेकंदात तेथे एक सेकंद होतो. वाचक समाधानाने मान डोलावतो: किरणाला लांबचा पल्ला पडला, हे कारण. पण त्याच यानात आपल्या लग्नसमारंभांत वापरले जाणारे घटिकापात्र ठेवले तर? तळाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर तरंगते आणि २४ मिनिटांनी बुडते. तिच्यात कोणताही किरण येरझारा घालीत नाही. तरीही तिला त्याच प्रमाणात उशीर झाला पाहिजे. तसे झाले नाही, तर यानातील प्रवासी दोन घड्याळांची तुलना करून आपण गतिमान आहोत हे बाहेर न पाहताच ओळखू शकेल. आणि एकसारख्या सरळ गतीच्या बाबतीत असे ओळखता येत नाही, हे तर सापेक्षतेचे मूळ तत्त्व. सारांश, तिरका किरण घटिकापात्राला मंद करीत नाही. काळाचा हिशेब तसा आहे एवढेच तो आपल्याला कळवितो.

या भेदाची स्पष्ट जाण ज्याच्या लेखनात फार लवकर दिसते असा एक शास्त्रज्ञ मुंबईचा होता आणि पुढे त्याने बंगळुरात काम केले. होमी भाभा १९३८ साली केंब्रिजमध्ये होते. विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा एक कण असल्याचे तेव्हा नुकतेच ध्यानात आले होते. त्या वर्षीच्या आरंभी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या टिपणात भाभांनी सुचविले की, असा कण आपोआप विघटन पावत असेल तर ते विघटन एक घड्याळच मानता येईल, आणि म्हणून कण गतिमान असताना त्याचे आयुष्य अधिक भरेल, हे केवळ सापेक्षतेच्या विचारावरून निष्पन्न होते. ‘केवळ’ या शब्दावर आमचा भर आहे. कणाच्या अंतरंगात काय घडते, त्याला कोण रोखून धरते, याची त्यांना विचारपूस करावी लागली नाही.

भाभा १९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले असता महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग खुंटल्यामुळे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या भौतिकी विभागात रुजू झाले आणि तेथे त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचे केंद्र उभारले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही १९४५ च्या जूनमध्ये येथेच झाला. ती त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस गेली. भाभांनी जे सुचविले होते त्याची मोजणी मात्र अमेरिकेत झाली. ब्रूनो रोसी व डेव्हिड हॉल यांनी १९४१ मध्ये कोलोराडोच्या डोंगरावर आणि पायथ्याशी डेन्व्हरला या कणांची संख्या मोजली, आणि अधिक वेगवान कण अधिक काळ टिकतात हे दाखविले.

आज या कणाला म्युऑन म्हणतात. स्थिर असता त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. तो वातावरणात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी २.२ मायक्रोसेकंदांत तो ६६० मीटरच जाईल. जुन्या हिशेबाने अब्ज कणांत एखादादेखील जमिनीवर पोचू नये. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे एक म्युऑन पडतो. आपण हात आडवा पसरला तर तळव्यातून दर सेकंदाला एखादा निघून जातो. आपण म्हणतो, वेगामुळे म्युऑनचे आयुष्य वीसपट वाढले. परंतु म्युऑनच्या बाजूने पाहावे तर त्याचे आयुष्य मुळीच वाढलेले नाही. ते पूर्वीप्रमाणेच २.२ मायक्रोसेकंद आहे. त्याच्या हिशेबी वातावरणच आक्रसले आहे: १५ किलोमीटरचा थर ७५० मीटरांचा झाला आहे, आणि तेवढे अंतर त्याच्या आवाक्यातले आहे. त्याच्या दृष्टीने आपलीच घड्याळे मंद आहेत. दोन्ही वृत्तांतांत कण जमिनीवर पोचतो. तो का पोचला याची कहाणी मात्र दोघांची निराळी. ज्या ‘मंद होण्या’ची कथा सांगणारा बदलला की नाहीशी होते, तिला कारक हेतू तरी कोठून मिळणार?

मग शिल्लक काय राहते? दोन घटनांच्या दरम्यान एखाद्या घड्याळाने प्रत्यक्ष मोजलेला काळ मात्र सर्वांना मान्य असतो. हा काळ म्हणजे त्या घड्याळाने अवकाशकालातून काढलेल्या वाटेची लांबी, हे हेर्मान मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये दाखविले आणि विषयाचा चेहराच बदलला. बंगळूरहून दोन मोटारी पुण्यास निघाल्या. एक हुबळी, बेळगाव, कोल्हापूरमार्गे गेली, दुसरी हैदराबाद व सोलापूरमार्गे. पुण्यात भेटल्यावर दुसरीच्या मीटरवर किलोमीटर बरेच अधिक दिसतील. कोणत्या बलाने मीटर पुढे ढकलले, असे कोणी विचारीत नाही. वाट लांब होती, इतकेच. अवकाशकालाचीही गोष्ट अशीच, फक्त त्याच्या भूमितीत एक वजा चिन्ह आहे आणि त्यामुळे निष्कर्ष उलटा होतो: जो सरळ राहतो त्याचा काळ सर्वांत अधिक भरतो, वळसा घेणाऱ्याचा कमी. जुळ्या भावांपैकी एक प्रकाशाच्या वेगाच्या ६० टक्के वेगाने सहा प्रकाशवर्षे दूर जाऊन परत आला, तर घरच्याची वीस वर्षे होतात आणि प्रवाशाची सोळा.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. प्रवासी माघारी वळला, वळताना त्याला त्वरण झाले. तेच कारण नव्हे काय? मोटारीचा दृष्टांत पुन्हा पाहू. हैदराबादला वळण आहे म्हणून ती वाट वेगळी झाली हे खरे, पण जास्तीचे किलोमीटर काही त्या वळणात साठवलेले नसतात. याची चाचणीही झाली आहे. जिनिव्हाजवळील सर्न येथे १९७७ साली म्युऑन वर्तुळाकार मार्गात फिरविण्यात आले. त्यांना होणारे त्वरण पृथ्वीवरील गुरुत्वत्वरणाच्या एकावर अठरा शून्ये इतक्या पटींचे होते. तरीही त्यांचे आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद भरले, म्हणजे त्यांच्या वेगावरून यावे तेवढेच. त्वरणाने आपल्यातर्फे त्यात काही भर घातली नाही.

विरुद्ध बाजूही नमूद केली पाहिजे. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या निबंधापूर्वी लोरेंट्झ यांनी पदार्थातील बलांवरूनच लांबीतील संकोच समजावण्याचा प्रयत्न केला होता. जॉन बेल यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना ही वाटही शिकवावी असे आग्रहाने मांडले, आणि हार्वे ब्राउन यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात तर, भूमिती पदार्थांना वागणूक शिकवीत नाही, पदार्थांचे नियम तसे आहेत म्हणून भूमिती तशी दिसते, असे प्रतिपादन केले. हा वाद अद्याप जिवंत आहे आणि तो केवळ शब्दांचा नाही. आमचा कल भूमितीकडे आहे. तथापि ब्राउन यांचे म्हणणे स्वीकारले तरी घटिकापात्रावर चालणारे एखादे खास बल हाती लागत नाही; लागते ती सर्व नियमांना समान असलेली एक सममिती. तिला ‘कारण’ म्हणावयाचे तर तो शब्द बराच ताणावा लागेल.

गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत गैरसमज अधिक दृढ आहे, कारण तेथे ओढ प्रत्यक्ष जाणवते. पृथ्वी जोराने ओढते म्हणून चेन्नईचे घड्याळ मंद, असे समजणे सोपे वाटते. पण पृथ्वीच्या केंद्राचा विचार करा. तेथे सर्व बाजूंची ओढ एकमेकींना छेदून शून्य होते, आणि तरीही पृथ्वीवर सर्वांत मंद काळ तेथलाच असतो. पृथ्वीच्या जन्मापासूनचा हिशेब केला तर केंद्र पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी तरुण आहे. महत्त्व ओढीला नाही. एखादी वस्तू तेथून वर काढण्यास किती ऊर्जा लागेल, म्हणजेच ज्याला गुरुत्वीय वर्चस् म्हणतात, त्याला आहे. घड्याळ त्या खळग्यात किती खोल आहे एवढेच पाहावयाचे.

हा विचार बंगळूरच्या परिसरात आज रोजच्या कामाचा झाला आहे. शहराबाहेर ब्यालाळू या गावी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे दिशादर्शन केंद्र आहे, आणि ‘नाविक’ या उपग्रहमालिकेचा काळ तेथे सांभाळला जातो. या मालिकेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने फिरतात. वेगाच्या हिशेबाने त्यांच्यावरील घड्याळे जमिनीवरच्या तुलनेत दिवसाला सुमारे साडेचार मायक्रोसेकंद मागे पडावीत आणि उंचीच्या हिशेबाने सुमारे ५१ मायक्रोसेकंद पुढे जावीत. निव्वळ फरक सुमारे साडेसेहेचाळीस मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे १४ किलोमीटर जातो.

याच मालिकेच्या इतिहासात कारक आणि ज्ञापक यांचा भेद स्वच्छ दिसतो. पहिल्या उपग्रहावरील परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियम घड्याळे २०१६-१७ च्या सुमारास निकामी झाली. तेव्हा कारणांचा शोध घेणे भाग होते. बिघाड म्हटला की कारण असतेच, आणि ते सापडले तर दुरुस्तीची आशा असते. पुढे २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या उपग्रहावर देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले. मात्र ते साडेसेहेचाळीस मायक्रोसेकंद दुरुस्त करण्याचा विचार कोणाही अभियंत्याच्या मनात येत नाही. ते घड्याळ बरोबर चालत असल्याची ती खूण आहे. ते फक्त हिशेबात धरले जातात.

आता आपल्या वाङ्मयाकडे वळू. कालविस्ताराची चर्चा निघाली की ककुद्मी राजाची कथा हटकून पुढे केली जाते. रेवतीला वर विचारण्यासाठी तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तेथे गायन चालू होते म्हणून क्षणभर थांबला, आणि मग त्याला कळले की पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली. भागवताच्या नवव्या स्कंधात आणि विष्णुपुराणात ही कथा येते. कथा अप्रतिम आहे. पण तिच्यात सापेक्षता पाहणे म्हणजे दोहोंवर अन्याय होय. ब्रह्मलोकाचा काळ श्रेष्ठ आणि भूलोकाचा कनिष्ठ अशी तेथे उतरंड आहे. ब्रह्मदेवाच्या दृष्टीने पृथ्वीचा काळ भरधाव जातो आणि पृथ्वीच्या दृष्टीने ब्रह्मदेवाचा संथ, यावर दोघांचेही एकमत आहे. म्युऑनच्या बाबतीत पाहिलेला परस्परभाव, प्रत्येकाला दुसऱ्याचेच घड्याळ मंद दिसणे, तेथे नाही. शिवाय विष्णुपुराणात बलराम उंचच उंच रेवतीला नांगराने ओढून आपल्या युगाच्या मापाची करतो, हा तपशील उत्साही लेखक सहसा गाळतात. पुराणकाराला युगागणिक होणारा मनुष्याचा ऱ्हास सांगावयाचा आहे. घड्याळांची तुलना त्याच्या मनात नाही. मराठी कथेत हा विषय भौतिकीच्या अटींवर आणण्याचे श्रेय जयंत नारळीकरांकडे जाते. त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत उतरली आणि पहिली आली.

पुराणांपेक्षा वैशेषिक दर्शन येथे अधिक उपयोगी पडते, आणि तेही त्याच्या विरोधामुळे. वैशेषिकांच्या मते काल हे द्रव्य एक, नित्य व विभू आहे. क्षण, मुहूर्त, दिवस हे भेद सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे पडतात. उत्पन्न होणाऱ्या सर्व वस्तूंचे काल हे साधारण निमित्तकारण. स्वतः काल मात्र कशाचेही कार्य नव्हे. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला निरपेक्ष काळ याच घराण्यातला. सापेक्षतेने यातील ‘एक’ हे विशेषण काढून घेतले. प्रत्येक वाटेचा काळ तिचा स्वतःचा ठरला. ‘कशाचेही कार्य नव्हे’ हा भाग मात्र चमत्कारिक रीतीने बराचसा टिकून राहिला: बंगळूरचा काळ चेन्नईच्या काळाने घडविलेला नाही, आणि कोण्या तिसऱ्याने लांबविलेलाही नाही.

अशा स्थितीत परिभाषेचा प्रश्न निघतोच. ‘कालविस्तार’, ‘कालप्रसरण’ हे शब्द इंग्रजीच्या पाठोपाठ आले आहेत आणि दोहोंतही एखादी वस्तू ताणली जात असल्याची सूचना आहे. ज्याचा ताण नाही त्याला ताण सुचविणारे नाव दिले की ‘कोणी ताणले?’ हे ओघानेच येते. मराठीत ‘वेळ’ आणि ‘काळ’ हे दोन शब्द आहेत. ‘किती वेळ गेला’ असे आपण विचारतो आणि ‘काळ बदलला’ असे म्हणतो. मोजून हाती येते ती वेळ. म्हणून ‘यानाचा काळ मंद झाला’ याऐवजी ‘यानात वेळ कमी भरला’ असे लिहिले, तर अर्धा घोटाळा आपोआप मिटतो. ज्या त्या घड्याळाने आपल्या वाटेवर मोजलेल्या काळाला ‘स्वकाल’ म्हणावे, अशी आमची सूचना आहे. ‘कालविस्तार’ आता इतका रुळला आहे की तो जाणार नाही. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही तो टाळता आला नाही.

नावांच्या बाबतीत भाभाही काटेकोर होते. त्या नव्या कणाला ‘मेसोट्रॉन’ म्हणण्याची प्रथा पडू लागली, तेव्हा १९३९ मध्ये त्यांनी हरकत घेतली की, यातील ‘ट्र’ हा अंश ‘इलेक्ट्रॉन’ व ‘न्यूट्रॉन’ या शब्दांत मूळ धातूचाच भाग आहे; ‘मध्य’ या अर्थाच्या ग्रीक ‘मेसॉस’मध्ये तो नाही, म्हणून ‘मेसॉन’ हेच रूप शुद्ध. पुढे तेच रूढ झाले. १९४७ मध्ये पॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांना पायॉन सापडला आणि विश्वकिरणांत जमिनीपर्यंत पोचणारा कण निराळाच असल्याचे उघड झाले. ‘मेसॉन’ हे कुलनाम पायॉनाकडे राहिले. ज्याच्या आयुष्याचे गणित भाभांनी मांडले होते तो म्युऑन आज त्या कुळात मोडत नाही.